टाकीचा काटा, पेट्रोलचा हिशोब आणि चाळीस वर्षांचं विमान: फ्युएल फ्लो गेज बदलणं महत्त्वाचं का असतं?

बाईकचा पेट्रोलचा काटा बंद पडला की आपण काय करतो? टाकीचं झाकण उघडतो, गाडी थोडी हलवतो, आत डोकावतो आणि "पंपापर्यंत जाईल" म्हणत निघतो. अंदाज चुकला तर फार फार तर कावळा नाक्यापासून गाडी ढकलत न्यावी लागते.

आता हाच प्रसंग जमिनीपासून तीन हजार फुटांवर घडतोय असं समजा. विमानात एकच माणूस आहे, तोही शिकाऊ. समोरचा काटा सांगतोय की इंधन आहे. पण तो काटा विमानाइतकाच जुना आहे.

पायलट होण्याचं स्वप्न घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातून दरवर्षी मुलं-मुली बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणी जातात. तिथे शिकण्यासाठी जी छोटी विमानं वापरली जातात, त्यातली काही त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी बनलेली असतात. जुनं विमान म्हणजे धोकादायक विमान, असं अजिबात नाही. नीट देखभाल केली तर चाळीस-पन्नास वर्षांचं विमानही सुरक्षित उडतं. पण त्यातली काही उपकरणं मात्र त्या काळातलीच राहतात. फ्युएल फ्लो गेज हे त्यातलं एक.

आधी एक घटना

२५ जुलै २०२२. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळलं. बारामतीहून उडालेलं हे सेस्ना १५२ जातीचं विमान होतं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती. सुदैवाने ती वाचली. इंजिनाची शक्ती गेल्यामुळे अपघात झाल्याची प्राथमिक माहिती डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिली होती.

इंजिनाची शक्ती अनेक कारणांनी जाऊ शकते. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरणं, यांत्रिक बिघाड, इंधनात पाणी, इंधन न पोहोचणं. या अपघाताचा संबंध इंधनाच्या काट्याशी जोडण्याचं कारण नाही. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, एकच इंजिन असलेल्या विमानात ते बंद पडलं की पायलटच्या हातात काही मिनिटंच उरतात. दोन, सेस्ना १५२ चं उत्पादन १९८५ सालीच थांबलं. म्हणजे २०२२ मध्ये उडणारं या जातीचं कोणतंही विमान किमान ३७ वर्षांचं असणार. आणि जगभरात हजारो मुलं आजही याच विमानावर शिकतायत.

टाकीचा काटा वेगळा, फ्लोचा काटा वेगळा

विमानात इंधनाशी संबंधित दोन वेगळे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न: टाकीत किती आहे? याचं उत्तर देतो तो फ्युएल गेज, आपल्या बाईकमध्ये असतो तसाच. टाकीत एक तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेली दांडी आणि दांडीच्या हालचालीवर फिरणारा काटा.

दुसरा प्रश्न: इंजिन तासाला किती पितंय? याचं उत्तर देतो तो फ्युएल फ्लो गेज.

छोट्या विमानाची टाकी पंखात असते. पंख रुंद आणि चपटा, त्यामुळे टाकीही पसरट ताटासारखी. विमान जरा कललं की इंधन एका बाजूला जातं आणि फ्लोट वर-खाली होतो. त्यामुळे जुन्या विमानातल्या टाकीच्या काट्यावर कोणीही शहाणा पायलट पूर्ण विश्वास ठेवत नाही. उड्डाणाआधी पंखावर चढायचं, झाकण काढायचं, मोजपट्टी बुडवायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी इंधन बघायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं.

मग पुढचा हिशोब घड्याळावर. टाकीत इतके लिटर, इंजिन तासाला इतकं पितं, म्हणजे इतके तास उडता येईल. हा हिशोब पक्का वाटतो, पण त्यातला 'तासाला इतकं' हा आकडा बहुतेक वेळा पुस्तकातला असतो. सेस्ना १५२ सारख्या साध्या विमानांत तर मुळात फ्लो गेज दिलेलाच नव्हता. नियमाने टाकीचा काटा लागतो, फ्लोचा लागेलच असं नाही.

अर्ध्या तासाचं गणित

सेस्ना १५२ च्या साध्या टाक्यांमध्ये वापरता येईल असं इंधन साधारण ९३ लिटर असतं. पुस्तकानुसार ७५ टक्के ताकदीवर, मिक्स्चर नीट लावलेलं असेल तर इंजिन तासाला साधारण २३ लिटर पितं. म्हणजे अंदाजे चार तास.

इथे 'मिक्स्चर' म्हणजे काय ते बघू. विमान जसं वर जातं तशी हवा विरळ होते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, असं झालं तर इंजिन उगाच जास्त पेट्रोल जाळतं. म्हणून पायलटजवळ एक दांडा असतो, त्याने पेट्रोलचं प्रमाण हाताने कमी करायचं. याला 'लीन करणं' म्हणतात. नवशिके घाबरून ते नीट करत नाहीत, कारण जास्त कमी केलं तर इंजिन धडधडायला लागतं.

आता समजा मिक्स्चर नीट लावलं नाही आणि इंजिन २३ ऐवजी २७ लिटर प्यायलं. ९३ भागिले २७, म्हणजे साडेतीन तासांपेक्षाही थोडं कमी. फरक पडला सुमारे ३५ मिनिटांचा.

अमेरिकेच्या नियमानुसार अशा विमानाने दिवसा उडताना ठिकाणावर पोहोचल्यावरही ३० मिनिटांचं राखीव इंधन शिल्लक राहील एवढं घेऊन निघायचं असतं. म्हणजे तासाला फक्त चार लिटरचा फरक तो पूर्ण राखीव साठा खाऊन टाकतो. आणि फ्लो गेज नसेल तर हे घडतंय याचा पायलटला पत्ताही लागत नाही. त्याच्या घड्याळाप्रमाणे सगळं ठीक चाललेलं असतं.

ज्या विमानात गेज आहे, तिथे अडचण काय?

सेस्ना २१०, बीचक्राफ्ट बोनान्झा, पायपर ॲरो अशा थोड्या मोठ्या विमानांत फ्युएल इंजेक्शनची इंजिनं असतात. त्यांच्या पॅनलवर जुना फ्लो गेज असतो, त्यावर तासाला किती गॅलन याचे आकडेही छापलेले असतात.

पण गंमत अशी की यातले बरेच गेज इंधनाचा प्रवाह मोजतच नाहीत. ते मोजतात प्रेशर. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल देणारं एक बारीक नोझल असतं. नोझलच्या आधी प्रेशर किती आहे ते पाहायचं आणि त्यावरून प्रवाह किती असेल ते ठरवायचं, अशी ही पद्धत. सगळी नोझल स्वच्छ असतील तर हिशोब बरोबर येतो.

नोझलमध्ये कचरा अडकला तर?

आपल्याकडे उसावर, द्राक्षावर औषध मारणाऱ्या कोणालाही विचारा. नोझल चोंदलं की पंपावरचा प्रेशरचा काटा वर सरकतो, पण पानावर पडणारं औषध मात्र कमी होतं. विमानात अगदी हेच होतं. नोझल चोंदलं की एका सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतं, मागे प्रेशर वाढतं आणि काटा सांगतो: प्रवाह वाढलाय! प्रत्यक्षात तो कमी झालेला असतो.

यापुढचा धोका आणखी मोठा आहे. काटा जास्त दाखवतोय म्हणून पायलट मिक्स्चर आणखी कमी करतो. आधीच उपाशी असलेल्या सिलिंडरला पेट्रोल अजून कमी मिळतं आणि इंजिनाचं नुकसान होऊ शकतं.

उलटही घडतं. नोझलकडे जाणारी नळी सैल झाली आणि पेट्रोल बाहेर गळू लागलं तर प्रेशर कमी होतं. काटा दाखवतो: वापर कमी झाला. आणि त्याच वेळी तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल सांडत असतं.

तिसरी गोष्ट तर ऐकूनच दचकायला होतं. अशा काही जुन्या गेजना प्रेशर कळावं म्हणून इंजिनाकडून एक बारीक नळी थेट पॅनलच्या मागे आणलेली असते. त्या नळीत खरोखरचं पेट्रोल असतं. म्हणजे पायलटच्या गुडघ्यांसमोर, पॅनलच्या आड, चाळीस वर्षांच्या जोडावर टिकलेलं पेट्रोल. अनेक मालक गेज बदलतात त्यामागे हे एक मोठं कारण असतं: ही नळी कॉकपिटमधून कायमची काढून टाकायची.

नवीन गेज कसं काम करतं?

नवीन पद्धतीत इंजिनाजवळच्या इंधनाच्या नळीत काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक ठोकळा बसवतात. त्याला ट्रान्सड्युसर म्हणतात. आत एक छोटंसं चक्र असतं. पेट्रोल वाहिलं की ते पाणचक्कीसारखं फिरतं. चक्राच्या एका बाजूला इन्फ्रारेड प्रकाश, दुसऱ्या बाजूला तो ओळखणारा सेन्सर. चक्राचं पातं मध्ये आलं की प्रकाश तुटतो, आणि प्रत्येक तुटण्याचा एक ठोका मोजला जातो.

ठराविक पेट्रोल गेलं की किती ठोके पडतात, हा आकडा त्या ट्रान्सड्युसरसाठी ठरलेला असतो. त्याला 'के-फॅक्टर' म्हणतात. पॅनलवरचा छोटा डिस्प्ले ठोके मोजतो, भागाकार करतो आणि दाखवतो: आत्ता तासाला किती, आतापर्यंत किती वापरलं, किती उरलं, किती वेळ पुरेल. कॉकपिटमध्ये येते ती फक्त वायर. पेट्रोल बाहेरच राहतं.

नोझल चोंदलं तर हे गेज प्रवाह कमी झाल्याचं खरं सांगतं. पुढे गळती असेल तर वापर वाढल्याचं दाखवतं. जिथे जुना काटा उलटं सांगत होता, तिथे हे सरळ सांगतं.

मग ऑनलाइन मागवा आणि लावून टाका?

नाही. इथे विमान आणि बाईक यांचे रस्ते वेगळे होतात.

बाईकला आपण हवा तो मीटर बसवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सांगाल तो जुगाड करून देणारे हात आहेत. पण विमानाची रचना प्रमाणित केलेली असते आणि त्यात बदल करायचा तर त्या बदलालाही मान्यता लागते. दुसऱ्या कंपनीने तयार केलेल्या अशा बदलाच्या मान्यतेला सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, थोडक्यात एसटीसी म्हणतात. त्यात कोणत्या मॉडेलला कोणतं उपकरण कुठे आणि कसं बसवायचं, हे लिहिलेलं असतं. भारतात हा बदल डीजीसीएच्या नियमांत बसावा लागतो, काम मान्यताप्राप्त संस्थेत व्हावं लागतं आणि परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. नंतर विमानाच्या वजनाची नोंद बदलते आणि फ्लाइट मॅन्युअलला पुरवणी जोडली जाते.

अजून एक बारकावा आहे. नवीन उपकरणं दोन प्रकारची असतात. काहींना फक्त 'सोबतीला' बसवण्याची मान्यता असते, काहींना मूळ काट्याच्या 'जागी'. उदाहरणार्थ, जेपीआय कंपनीचं ईडीएम ७०० हे सोबतीचं उपकरण आहे, तर ईडीएम ९०० मूळ गेजच्या जागी बसवता येतं. सोबतीचं उपकरण कितीही अचूक असलं तरी ते बसवून मूळ काटा काढता येत नाही. निर्णय मूळ काटा बघूनच घ्यायचा. जुनी विमानं विकत घेणारे नेमके इथे फसतात: पॅनलवर चकचकीत स्क्रीन दिसते, पण कागदावर तिला मान्यता फक्त माहितीपुरती असते.

बसवताना काय सांभाळावं लागतं?

सेस्ना १५२ मध्ये पंख वर असतात आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. पंप नसतो. अशा ठिकाणी नळीत ठोकळा बसवला म्हणजे वाटेत अडथळा वाढला. म्हणून प्रवाह पुरेसा राहतो का, हे तपासावं लागतं. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या विमानांसाठी अमेरिकी प्रमाण असं होतं की टेकऑफला जेवढं इंधन लागतं त्याच्या दीडपट प्रवाह मिळायला हवा. आतलं चक्र अडकलं तरी इंजिनाला पेट्रोल मिळत राहिलं पाहिजे, हीसुद्धा अट असते. मोजमाप बंद पडलं तर चालेल, इंजिन बंद पडता कामा नये.

ठोकळ्याच्या अगदी तोंडाशी नळीचं वळण नको, नाहीतर प्रवाह घुसळतो आणि आकडे नाचतात. आत हवेचे बुडबुडे अडकू नयेत अशा स्थितीत तो बसवायचा. इंजिनाजवळच्या नळ्यांवर आगीपासून वाचवणारं आवरण चढवायचं. ऐकायला या छोट्या गोष्टी वाटतात, पण नवीन गेज चुकीचं दाखवतं तेव्हा दोष बहुतेकदा यातल्याच एखाद्या गोष्टीत सापडतो.

आणि शेवटी पडताळणी. टाकी भरायची, उडायचं, परत येऊन पुन्हा तितकीच भरायची. समजा गेज म्हणालं ६० लिटर वापरले आणि प्रत्यक्षात ६३ लिटर भरावे लागले, तर गेज सुमारे ५ टक्के कमी सांगतंय. ९३ लिटरच्या टाकीवर हा फरक पडतो साडेचार लिटरहून थोडा जास्त, म्हणजे १२ मिनिटांचं उड्डाण. मग के-फॅक्टर दुरुस्त करायचा आणि दोन-तीन वेळा पुन्हा तपासायचं.

नवीन गेज आलं की काळजी मिटली?

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवंकोरं बोईंग ७६७ विमान, ६९ माणसं. टाकीतलं इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून मोजपट्टीने मोजून हिशोब केला. कॅनडात तेव्हा पौंडांवरून किलोग्रॅमवर जाणं सुरू होतं. हवे होते २२,३०० किलो. हिशोबात पौंडांचा आकडा वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं.

विमानातला संगणक काय करत होता? पायलटांनी सुरुवातीला जो आकडा भरला, त्यातून वापर वजा करत होता. वजाबाकी बरोबर होती, पण सुरुवातीचाच आकडा चुकलेला. वाटेतच हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटांनी विमान ग्लायडरसारखं तरंगत नेऊन गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

छोट्या विमानातलं नवीन गेज अगदी याच पद्धतीने 'किती उरलं' ते सांगतं. त्याला टाकी दिसत नाही. तुम्ही ९३ भरलं आणि टाकीत ७० असेल, तर ते ९३ मधूनच वजा करत राहील. झाकण नीट न लागल्याने टाकीतून पेट्रोल उडून जात असेल, तर तेही त्याला कळत नाही, कारण ते पेट्रोल ठोकळ्यातून गेलेलंच नसतं.

शिवाय एककांचा घोळ आपल्याकडेही होऊ शकतो. अमेरिकन विमानाचं पुस्तक गॅलनमध्ये, आपल्याकडे इंधन मिळतं लिटरमध्ये, वजनाचा तक्ता पौंडात. त्यात अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. त्यामुळे गेज बसवताना ते कोणत्या एककात ठेवायचं, हे ठरवून सगळ्या विमानांत तेच ठेवणं गरजेचं आहे.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०११ ते २०१५ मधल्या अपघातांचा आढावा घेतला. इंधनाच्या नियोजनातल्या चुकांमुळे तिथे छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात होत होते. त्यातल्या ९५ टक्के अपघातांत माणसाची चूक होती, उपकरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के. म्हणजे गेज बदलल्याने मोजपट्टी आणि घड्याळ रद्द होत नाही. तिन्ही आकडे जुळतायत का ते बघायचं, आणि जुळत नसतील तर सगळ्यात वाईट आकडा खरा मानून उतरायचं.

पैशाचाही प्रश्न आहेच

ही विमानं गाडीच्या पेट्रोलवर चालत नाहीत. त्यांना एव्हगॅस १०० एलएल नावाचं खास निळं पेट्रोल लागतं. वर्षानुवर्षं भारत ते आयात करत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं देशी एव्हगॅस बाजारात आणलं. तरीही ते स्वस्त नाही.

कमर्शियल पायलट परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. तासाला चार लिटर जास्त जळलं तर एका विद्यार्थ्यामागे ८०० लिटर होतात. फ्लाइंग स्कूलला गेजचा खर्च मोठा वाटतो, पण हे ८०० लिटर कोणाच्या तरी फीमधूनच जातात. आणि ती फी भरायला अनेक घरांनी शेत किंवा घर तारण ठेवलेलं असतं.

विद्यार्थी आणि पालकांनी काय विचारायचं?

फ्लाइंग स्कूल बघायला गेलात की हॉस्टेल आणि कॅन्टीनसोबत हेही विचारा:

– विमानात फ्युएल फ्लो गेज आहे का? मूळ आहे की नंतर बसवलेलं?
– नंतर बसवलेलं असेल तर त्याची नोंद आणि फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी आहे का?
– शेवटची पडताळणी कधी केली?
– टाकीसाठी त्या विमानाची मोजपट्टी आहे का, आणि ती रोज वापरतात का?
– इंधनाचा हिशोब लिटरमध्ये ठेवतात की गॅलनमध्ये?
– एकट्याने लांब उडताना किमान किती इंधन शिल्लक ठेवायचं, याचा लेखी नियम आहे का?

यातला एकही प्रश्न आगाऊपणाचा नाही. चांगल्या स्कूलमध्ये या सगळ्यांची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात, आणि एखादा इंजिनिअर तुम्हाला हँगरमध्ये नेऊन तो ठोकळाही दाखवेल. उत्तरं टाळली गेली, तर फी भरण्याआधी अजून एखादी स्कूल बघून या.